दोन खवल्या पडद्यावरचे, एक आमच्या गल्लीतला

खवल्या बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दोन्ही सिनेमावाल्यांनी त्याला भरपूर बोलायला लावलंय, आणि तिसऱ्या वेळी मी स्वतः त्याच्या तोंडी जी भाषणं घातली ती आठवली की मला आजही जेवताना ठसका लागतो. चित्रांच्या पुस्तकातला खवल्या मुका होता. अंगभर खवले, डोळ्यांपुरती फट, आणि मनात काय चाललंय ते डोक्यावरच्या ढगात लिहिलेलं. त्याचं मूळचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणाला धड म्हणता येत नव्हतं. हिंदी पुस्तकांत त्याचा 'कवचधारी' केला होता. एसटी स्टँडमागच्या एका गाळ्यात सुतळीला चिमट्यांनी टांगलेली ही पुस्तकं भाड्यानं मिळायची. मी ती आणून गोठ्यात, वैरणीच्या पेंढ्यांआड बसून वाचायचो. एकदा आईनं मागून येऊन चित्र बघितलं. तिचं माहेर आजऱ्याकडचं, जंगलाच्या अगदी कडेचं. "ह्ये काय, खवल्या मांजर की," ती म्हणाली. "आमच्याकडं हाईत. माणूस दिसला की गुंडाळी करून बसतंय बिचारं." ज्याच्या नावानं त्या पुस्तकातलं अख्खं शहर कापत होतं, त्याला आईनं एका वाक्यात बिचारं करून टाकलं. पण नाव बसलं. गल्लीत त्याला पुढं कुणी कवचधारी म्हटलं नाही.

आमचं घर पेठेत, पुढं दुधाचा कट्टा. म्हणजे संध्याकाळी आमचे वडील, तात्या, दोन म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करायचे आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात तिथल्या तिथं धार काढून द्यायचे. फेसाची मिशी आलेली माणसं कट्ट्यावर बसून राजकारण, फुटबॉल आणि दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं यावर बोलत बसायची. घरात पहाटेपासून आवाजच आवाज. म्हशींचं हंबरणं, घमेली, तात्यांचा खोकला, आणि या सगळ्यांच्या खाली घर्र घर्र चालणारा कुंडीतला दांडा. माझा थोरला भाऊ विलास, म्हणजे दादा, पैलवान. त्याच्यासाठी आई पहाटे बदाम आणि खसखस घोटत बसायची. बदामाचा माझ्या वाट्याला फक्त वास यायचा. दादा तालमीतून मातीनं लाल होऊन यायचा, तांब्याभर थंडाई उभ्यानं रिकामी करायचा आणि मग खर्डा-भाकरीवर असा बसायचा की आई माझ्या ताटातली भाकरी हळूच मोडून तिकडं सरकवायची. माझी तक्रार नव्हती. मलाही एकदा तालमीच्या हौद्यात, त्या लाल मातीत, उतरवून बघितलं होतं. आमच्या वस्तादांनी मला दोन दिवस न्याहाळलं आणि तात्यांना सांगून पाठवलं, "ह्याला हौद्यात घालू नगा. माती वाया जाईल." तेव्हापासून मी पुस्तकं वाचणारा आणि दादा अंग कमावणारा, अशी घराची वाटणी झाली होती, आणि दोघांनाही ती मान्य होती. मी वाचलेला खवल्या रात्री अंथरुणात त्याला सांगायचो. तो ऐकता ऐकता झोपायचा, पण कुठं झोपला ते त्याला दुसऱ्या दिवशी बरोबर आठवायचं. "त्यो पुलाखाली गेलता. तितनं फुडं सांग," म्हणायचा.

खवल्याचा पहिला सिनेमा हिंदीत होऊन आला तेव्हा मी शाळेत होतो. दादानं मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. आम्ही सर्वांत पुढच्या रांगेत, माना वर करून बसलो. तो नट आडवातिडवा दांडगा होता आणि त्याच्या अंगावर रबराचे हे एवढे जाड खवले कानांच्या पाळ्यांपर्यंत चढवले होते. पुस्तकातला खवल्या सापासारखा सळसळायचा. हा कपाट सरकवल्यासारखा चालायचा. मी मनातल्या मनात चुका काढायला लागलो. खवल्यांचा रंग चुकला. आई दाखवली, पुस्तकात आई नाही. आणि किती बोलतोय हा माणूस. तेवढ्यात खलनायकानं त्याला मागून हाक मारली. खवल्यानं मान वळवली नाही. आधी उजवा पाय फिरवला, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी, छातीबरोबरच, डोळे समोर आले. थिएटर गप्प झालं. दादानं माझी मांडी एवढ्या जोरात दाबली की तिथं दुसऱ्या दिवशी निळं झालं. "बघ," तो म्हणाला, "मान वळवत न्हाय. मान वळवली की गावती ती समोरच्याला. शिकलेला गडी हाय ह्यो."

दादा तालमीतला, त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीत त्याला आधी कुस्ती दिसायची. तेव्हा मला ते शंभर टक्के पटलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, इंटरनेट घरात आल्यावर, मी वाचलं की तो रबरी पोशाख खांद्यापासून कानापर्यंत एकसंध चिकटवलेला होता आणि नटाला मान वळवणं शक्यच नव्हतं. बिचारा उकाड्यानं दोनदा बेशुद्ध पडला होता. मी हे दादाला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी थिएटरात असलेली आमच्या गल्लीतली सगळी पोरं दादाचं म्हणणं घेऊन बाहेर पडली आणि आठवडाभर कुणी कुणाकडं मान वळवून बघितलं नाही. एकच गोष्ट दादाला खटकली होती. खवल्या अंगाची गुंडाळी करून डोंगरावरून गडगडत येतो, तिथं त्या लोकांनी नटाऐवजी नुसता भुसा भरलेला गोळा सोडला होता. सायकल हाणता हाणता दादा म्हणाला, "हितं मातर खोटं केलं. जमत न्हाय तर करू नये माणसानं."

दादाची मान मोडली ती आजऱ्याकडच्याच एका कुस्तीच्या मैदानात, आईच्या सगळ्या माहेरासमोर. मी गेलतो. नेमक्या त्या क्षणाला मी मैदानाकडं पाठ करून भेळवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतो, त्यामुळं मी ते पाहिलं नाही. फक्त हलगी मधेच थांबलेली ऐकली. समोरच्या पैलवानानं कमरेवर घेऊन टाकला आणि दादा डोक्यावर आला. पुढचे महिने दवाखान्याच्या वासाचे. डॉक्टर म्हणाले, जगला, हातापायात ताकद राहिली, हेच खूप समजा; मान आता आहे तिथं राहील, आणि पुन्हा एकदा जरी तसा पडला तर मला बोलावूसुद्धा नका. आईनं कुंडी धुऊन माळ्यावर टाकली. पहाटेचा तो घर्र घर्र आवाज बंद झाला, आणि घरातल्या सगळ्यांना त्या शांततेनं वेळेच्या आधीच जाग यायला लागली.

दादा म्हशींकडं आला. धार काढताना माणूस म्हशीच्या पोटाला कपाळ टेकतो. दादाला ते जमायचं नाही. तो ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत धार काढायचा, आणि पेला भरला हे आवाजावरून ओळखायचा. कुणी बोलावलं तर आधी पाय, मग कंबर, मग छाती. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी लगेच ओळखलं, कारण मी ते आधी पाहिलं होतं, पुढच्या रांगेत बसून. गल्लीनं ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट आमच्या गल्लीत कुणी न ठरवता एक रीत पडली. दादाला मागून हाक मारायची नाही. ज्याला बोलायचं असेल तो चार पावलं जास्त चालून पुढं यायचा आणि मग म्हणायचा, "काय इलास, दूध हाय का शिल्लक?" आमची पेठ तशी तोंडाळ. तिथं लंगड्याला लंगडा आणि काण्याला काणा म्हणायला कुणी मागंपुढं बघत नाही. त्या पेठेनं ही एवढी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांभाळली.

वस्ताद थकत चालले होते. तालमीत लहान पोरांना बघायला कुणीतरी हवं होतं. मोठे पैलवान आपापल्या कुस्त्यांत, आणि बारक्या पोरांना जोर-बैठका काढायला लावणं, हौद्यातली माती खणून घेणं, पकडी दाखवणं, हे कुणाला नको होतं. दादाला तेच हवं होतं. त्याला दुसरं काही नकोच होतं. लग्नाचा विषय काढला की उठून जायचा, पण तालमीतून पोरांच्या शड्डूचा आवाज आला की धार काढता काढता हात थांबायचा. एका संध्याकाळी वस्ताद कट्ट्यावर दूध प्यायला आले तेव्हा त्यानं विचारलंच.

"वस्ताद, बारकी पोरं मी बघू का?"

वस्तादांनी पेला संपवला, मिशी पुसली. "पकडी तुला येत्यात. त्ये मला सांगू नगंस. पर पोराचा बा पोराला आणून सोडतोय त्यो वस्तादाचं अंग बघून. त्याच्या डोळ्यांस्नी तू पैलवान दिसला पायजेस, आजारी न्हाय. बघू. दिसूंदे मला."

दिसायचं कसं, हे वस्तादांनी सांगितलं नाही. पण दादानं ते धरून ठेवलं.

त्या साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात दुसऱ्यांदा होतो. तालमीचंच गणेश मंडळ. अध्यक्ष मल्लूअण्णा, गुळाचे व्यापारी, घरात कानडी आणि बाहेर खणखणीत मराठी. सजीव देखावा काय करायचा यावर बैठक बसली. आमच्याकडं देखावा म्हणजे मूर्तीपुढं खरी माणसं रंग लावून उभी राहतात, आवाज मागून टेपवर चालतो आणि ती त्यावर हातवारे करतात. गेल्या साली शेजारपाजारच्या चार मंडळांनी एकच ऐतिहासिक वध केला होता आणि फिरायला निघालेली माणसं एका संध्याकाळी तोच माणूस चारदा मरताना बघून वैतागली होती. "आवंदा काय तरी येगळं पायजे," मल्लूअण्णा म्हणाले, "आणि सामाजिक संदेश पायजे. संदेशाबिगर बक्षीस देत न्हाईत." कोपऱ्यात बसलेला दादा, जो बैठकीत कधी तोंड उघडत नसे, म्हणाला, "खवल्या करूया. मी हुतो खवल्या."

मग सगळ्यांना एकदमच ते दिसलं. तो पहिला सिनेमा आमच्या पिढीला पाठ होता. खवल्या वळायचा कसा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तसं वळणारा माणूस आमच्यात बसला होता. जे आम्ही वर्षानुवर्षं नजरेआड करत होतो ते एकदम भारी वाटायला लागलं. दादाला काय वाटत होतं ते त्यानं मला घरी येताना सांगितलं. "देखाव्यात तुळई उचलायची. खरी. थर्माकोलची न्हाय. वस्ताद समोर बसत्यात की धा दिवस. दिसूंदे त्यास्नी."

पोशाख सदामामांनी केला. चप्पल लाइनीत त्यांचं दुकान. तळाच्या चामड्याचे कापून उरलेले तुकडे त्यांनी खवल्यासारखे गोल केले, तेल पाजलं आणि जाड मांजरपाट कापडावर एकावर एक शिवले. काम असं की हात लावून बघावं. पण मामांचा हात चपलेचा. गुडघ्याला आणि कोपराला त्यांनी सवयीनं दोन थरांमध्ये करकर घातली, जी आपल्या कोल्हापुरी चपलेत असते. दादानं पहिलं पाऊल टाकलं आणि कर्र. दुसरं टाकलं, कर्र. "मामा, ह्यो चोरपावलानं येतोय, असं हाय पुस्तकात," मी म्हणालो. "आवाज करत चाललं न्हाय तर कोल्हापुरी कसलं त्ये," मामा म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला. मुका खवल्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायला लागला.

संवाद लिहायचं काम वाचणारा म्हणून माझ्याकडं आलं, आणि इथं माझ्यातल्या लेखकानं जो बैल मोकळा सोडला त्याचं काय सांगावं. कथा अशी की एक कारखानदार पंचगंगेत मळी सोडतो, काठावरचं देऊळ खचतं, आणि देवळाची तुळई कोसळणार इतक्यात खवल्या ती खांद्यावर झेलतो, खाली पोरं अडकलेली. तुळई खांद्यावर असताना त्याच्या तोंडी मी नदीवर भाषण घातलं. "हे सरिते, तुझ्या उदरात विष कालवणाऱ्या या नराधमांना" वगैरे वगैरे. आवाजही माझाच, फाटका, त्यावर घुमारा चढवलेला. विहिरीत पडलेला कारकून बोलतोय असं वाटायचं. तात्यांनी सराव बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाषण कमी कर की लेका, त्याच्या खांद्यावर सागवान हाय." मी दादाकडं बघितलं. "असूंदे," दादा म्हणाला. "जितकं लांब तितकं बरं." तुळई एका पाडलेल्या घराची होती, आणायला चार पोरं लागली होती. दादा ती एकटा खांद्यावर घेऊन माझ्या भाषणभर उभा राहायचा. गळ्याच्या शिरा तटतटायच्या, पण मान जागची हलायची नाही, कारण ती हलतच नव्हती. सरावाला आलेले सगळे त्या वेळी उभे राहून बघायचे. मला आठवतं, मागून हाक मारायचा प्रसंग पहिल्यांदा केला तेव्हा टेपवरच्या माझ्याच आवाजानं त्याला मागून बोलावलं, आणि दादा पाय, कंबर, छाती असा वळला, आणि बघणारी पोरं दोन पावलं मागं सरकली. त्या दिवसांत दादा घरी गुणगुणायचा. आईनं माळ्यावरची कुंडी खाली काढली होती.

आणि गणपतीच्या तोंडावर दुसरा सिनेमा आला.

वीस वर्षांत मी असंख्य लोकांशी या दोन सिनेमांवर भांडलोय. माझी मुलगी तर म्हणते, बाबा, आता तिसरा आणि चौथाही येऊन गेला, तुम्ही तिथंच. पण तेव्हा मी तो दुसरा सिनेमा आवाजाची नवी यंत्रणा बसवलेल्या थिएटरात बघितला आणि खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. हाच पुस्तकातला खवल्या. एकेक खवला श्वासाबरोबर उठत होता. तो छपरावरून छपरावर पाण्यासारखा जायचा. गुंडाळी खरोखरच करायचा, गोळा नव्हता, अंगच वळायचं. आणि मान घुबडासारखी पाठीपर्यंत फिरायची. बोलायचा मात्र हाही, आणि वर रडायचा. दोनदा बघून झाल्यावर तिसऱ्यांदा बघताना मला जरा विचित्र वाटलं, की या सगळ्या खवल्यांच्या आत कुणी आहे असं काही दिसत नाही. पण हे शहाणपण मला तिसऱ्यांदा सुचलं. बाकी गाव पहिल्यांदा बघून आलं होतं आणि रस्त्यात पोरं माना फिरवत होती.

मी पहिल्यांदा बघून आलो त्या संध्याकाळी दादानं धार काढता काढता, भिंतीकडं बघत विचारलं, "बघिटलास?"

"बघिटला."

"मान वळवतोय?"

"वळवतोय. पाक मागंपतोर."

पेला भरून वाहिला तरी त्याला कळलं नाही. तात्यांनी तो काढून घेतला. मग दादा म्हणाला, "आणि उचलतोय काय?"

"पूल. एका हातानं."

"घाम आला काय त्याला?"

मी आठवून बघितलं. "न्हाय."

"मग त्यानं उचललाच न्हाय," दादा म्हणाला, आणि पुढची म्हैस घेतली. तो निश्चिंत झाला होता. मी नव्हतो. पण नऊ दिवसांवर गणपती, मांडव पडलेला, पोशाख झालेला. मी काय सांगणार होतो? की दादा, लोकांचे डोळे बदलून आलेत, तुझ्यासारखं वळणं आता कुणाला रुबाबदार दिसणार नाही? हे वाक्य मला आज लिहिता येतंय. तेव्हा मी नुसते रिकामे पेले विसळत बसलो.

पहिल्या संध्याकाळी गर्दी गल्लीच्या टोकापर्यंत. पडदा उघडला. कर्र कर्र करत खवल्या आला, इथंच कुणीतरी फिसकन हसलं. मग टेपवरून कारखानदारानं मागून हाक मारली. दादानं उजवा पाय फिरवला. कंबर फिरवली. एक बारकं पोरगं बापाच्या खांद्यावरून ओरडलं, "बाबा, ह्याची मान अडाकली." आणि गर्दीला हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते. लोक खूश होते. "पयल्या पिच्चरमधला, पयल्या पिच्चरमधला," असं एकमेकांना सांगत होते. "हुबेहूब करतंय गडी." "वंगण घाला कुणीतरी, वंगण." शिट्ट्या पडल्या. लोकांना वाटलं आम्ही त्या जुन्या सिनेमाची टर उडवतोय. दादा छातीसकट समोर आला, त्याला गर्दी दिसली, आणि ती का हसतेय हे बघायला तो दुसऱ्या बाजूला वळला. वळला म्हणजे, पुन्हा पाय, कंबर, छाती. माणसं पोट धरून खाली बसली. मग तुळई आली. दादानं ती घेतली, माझं भाषण सुरू झालं, आणि त्या विहिरीतल्या आवाजाला लोक तुळईपेक्षा जास्त हसले. तुळई थर्माकोलची असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. इतर सगळीकडं असतेच.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागायला लागली. गडमुडशिंगीहून, इचलकरंजीकडून लोक गाड्या करून येत होते; म्हणत होते, त्या खवल्याचा कॉमेडी देखावा कुठं आहे. मल्लूअण्णा हरखून गेले. चौथ्या दिवशी ते आमच्या घरी आले, पुढून आले, आणि बराच वेळ चहा ढवळत बसले. "इलास," ते म्हणाले, "ती मागनं हाक हाय न्हवं. ती आणि एकदा घातली असती. लोकं मागत्यात. तुझी मर्जी असंल तरच. न्हाय म्हटलास तर इषय संपला." आई भाकरी थापायची थांबली. मी जमिनीकडं बघत होतो. दादानं विचार केला असं काही दिसलं नाही. "घाला की," तो म्हणाला. "मंडळाचं हाय." मग माझ्याकडं सगळं अंग वळवून म्हणाला, "बारक्या, टेपवर घाल." मी दोनदा घातली. पुढं लोक टेपची वाट बघेनासे झाले. गर्दीतूनच कुणीही मागून हाक मारायचं, आणि दादा दर वेळी वळायचा. मी त्याला म्हणालो, नुसता उभा राहा, वळू नकोस. तो म्हणाला, "हाक मारल्यावर वळाय नगं व्हय?"

वस्तादांना यंदा रोज यायला जमलं नाही; ते सातव्या दिवशी आले. पुढं खुर्ची टाकून काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. शेजारी तालमीतली बारकी पोरं. वस्ताद हसले नाहीत. पोरं हसली. आधी वस्तादांच्या भीतीनं तोंडं दाबून, मग मोकळेपणी. पडदा पडल्यावर वस्ताद मागं आले. दादा पोशाखातच होता, घाम खवल्यांच्या कडांवरून ठिबकत होता. वस्ताद आधी तुळईजवळ गेले. तिच्यावर हात फिरवला, मग एका टोकाला दोन्ही हात घालून ती उचलून बघितली. वीतभर उचलली आणि ठेवली.

"खरी हाय," ते म्हणाले.

"व्हय वस्ताद."

"दिसली मला." त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली. "पर पोरांनी दुसरं बघितलं, इलास. उद्या तू हौद्यात उतरून पकड दावशील, आणि त्यास्नी ह्ये आठवंल. हौद्यात हसलं की पोरगं मोडतंय. तुझा दोष न्हाय काय. मी कबनूरच्या एका गड्याला सांगितलंय."

"व्हय वस्ताद," दादा म्हणाला. मग तो कमरेतून वाकला, पाठ आणि मान एका रेषेत ठेवून, आणि त्यांच्या पायांना हात लावला. सगळे खवले एकदम करकरले. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ठेवला चामड्यावर. त्याच्यापर्यंत काय पोचलं कुणास ठाऊक. उरलेले तीन दिवस दादानं देखावा केला, तुळई उचलली, कुणी हाक मारली की वळला. आम्हाला बक्षीस मिळालं, उत्कृष्ट विनोदी देखाव्याचं. मल्लूअण्णांनी ढाल दादाच्या हातात दिली, त्यानं ती माझ्या हातात दिली.

आता लोक म्हणतात, तो पहिला सिनेमा किती गोड होता, किती भाबडा. इंटरनेटवर त्यातली ती वळण्याची जागा तेवढी कापून चढवतात आणि खाली हसरे चेहरे लावतात. मुलीनं मला एकदा मोठ्या हौसेनं दाखवली. मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं.

त्या साली दसऱ्यानंतर कबनूरचा गडी तालमीत रुजू झाला. चांगला होता. दादाची धार पूर्वीसारखी सुरू झाली, ताठ बसून, भिंतीकडं बघत. गल्लीची ती जुनी रीत मात्र मोडली होती. बाहेरची गिऱ्हाइकं सर्रास मागून बोलवायची, आणि हळूहळू आपलीही. एका संध्याकाळी तालमीतून सुटलेली पोरं कट्ट्यापाशी आली. मातीनं माखलेली, केस चिकटलेले. त्यातलं एक पुढं झालं आणि दादाच्या समोर उभं राहून त्यानं खवल्या करून दाखवला. चिडवायला नाही. पाठ केलेली कविता पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतात तसा. पण चुकत होतं. छाती आधी जात होती आणि पाय मागून. बाकीची पोरं हसली, त्याला ढकलून दुसरं पुढं आलं, त्याचंही तेच. मी आत चहा पीत होतो. आई दारात उभी राहिली. मला वाटलं आता दादा हातातली दुधाची चरवी त्यांच्यावर भिरकावेल, आणि खरं सांगतो, मी वाट बघत होतो भिरकावण्याची.

दादानं चरवी खाली ठेवली. उठला. लुंगीला हात पुसले.

"छाती मागनं," तो म्हणाला. "आदी पाय. पाय टेकला की मग कंबर. मान इसरायची, मान हाय हेच इसरायचं." त्यानं पोराच्या कमरेला दोन्ही हात लावून त्याला फिरवून दाखवलं. पोरं हसणं सोडून बघायला लागली. मग ती आपणहून रांगेत उभी राहिली, रस्त्याच्या कडेला, म्हशींच्या पुढं, आणि दादा त्यांच्यापुढं उभा राहून एकेकाचे पाय बघत होता. दुधाला थांबलेली माणसं हसत होती. आई आत निघून गेली. एक पोरगं चुकलं.

"पुन्यांदा," दादा म्हणाला.